दुर्लौकिक, पूर आणि पाहणारा

पूरग्रस्त गावी जावे की नाही, हा प्रश्न वरकरणी सोयीचा, वस्तुतः नैतिक आहे. गावाला दुर्लौकिक असेल तर तो अधिक जटिल होतो. दुर्लौकिक ही आधीच वाचलेली संहिता असते आणि पाहणारा केवळ तिची पडताळणी करतो. धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे रोह्याची कुंडलिका 'दूषित नदी' ठरली. तिचे पाणी गावात शिरले की 'करावे तसे भरावे' हे भाष्य तयारच असते. परंतु पूर चारित्र्य पाहून येत नाही. सह्याद्रीवरील अतिवृष्टी आणि खाडीची भरती यांची गाठ पडली की पाण्याला वाट उरत नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने शेजारच्या सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्याची वाताहत झाली. त्या गावावर असा डाग नव्हता.

न जाणाऱ्याची अलिप्तताही निर्दोष नव्हे. पेणच्या मूर्तिशाळांतील गणपती दूरदूरच्या घरांत पूजले जातात. त्या मूर्तिशाळांचा ऐन हंगाम पावसाळ्यातच असतो. धाटावची रसायनेही कोणाच्या तरी गरजेसाठीच तयार होतात. म्हणजे पाहणारा या गावांशी आधीच बांधलेला आहे. म्हणून 'पूर पाहायला' जाणे गैर. या संबंधाचा जाब ऐकायला जाणे मात्र कर्तव्य ठरते.