कुलूप आणि नांव

प्रवासांत सामानाची जपणूक कशी करावी हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ व्यवहाराचा दिसतो. पेटीस कुलूप लावावें, ती आगगाडीच्या बाकाखालीं सांखळीनें बांधावी, रोकड कमरेस ठेवावी, एवढें झालें कीं शहाणा प्रवासी निर्धास्त होतो. परंतु एका प्रवाशानें कमरपट्ट्यांत बांधलेले एक लक्ष रुपयेच रेल्वेंत चोरीस गेले, आणि ज्यास आपलें सामान स्वतः राखतां येत नाहीं त्यानें त्याचा भार रेल्वेवर टाकूं नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचें १०० वें कलमही, प्रवाशानें जवळ बाळगलेल्या सामानाची जबाबदारी, रेल्वेची हयगय अगर गैरवर्तन सिद्ध झाल्यावांचून, तिच्यावर घालीत नाहीं. निकाल कठोर खरा. अन्यायाचा मात्र म्हणवत नाहीं.

तथापि यावरून कुलूपें आणखी मोठीं करावींत असा जो अर्थ लोक काढतात, तो आम्हांस मान्य नाहीं. हरवलेलें सारेंच सामान कांहीं चोरीस जात नाहीं. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक. महाशिवरात्रीस तेथें लोटणाऱ्या गर्दींत पिशवी मोटारीच्या फळीवर राहते, डबा ओट्यावर विसरतो, सारख्या दिसणाऱ्या दोन बॅगांची अदलाबदल होते. येथें चोर कोठें आहे? वस्तु हातांतून सुटते तेव्हां ती हरवते एवढेंच. कायमची जाते ती, ज्यास सांपडली त्यास मालक कोण हें कळण्याचा मार्ग नसतो म्हणून.

मागील पिढीच्या लोखंडी ट्रंकेवर मालकाचें नांव व गांव पांढऱ्या रंगानें ठसठशीत रंगविलेलें असे. हल्लीं नांव लपविण्याकडे ओढा आहे. परक्याच्या हातीं आपला पत्ता पडूं नये ही भीति अगदींच खोटी नव्हे; घर रिकामें आहे ही वार्ता बाहेर टांगून कोणी हिंडूं नये. पण बॅगेच्या आंत नांव आणि दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यास कोणती अडचण आहे? ज्या सहप्रवाशास चोर समजून आम्ही रात्रभर उशाखालची पेटी चांचपतों, ती पेटी उद्यां राहिली तर तिच्या परत येण्याचा सारा भरंवसा त्याच्याच सचोटीवर असतो. त्यानें प्रामाणिक असावें अशी अपेक्षा करावयाची, आणि प्रामाणिक होण्याचें साधन त्यास द्यावयाचें नाहीं, हा कोठला न्याय?

सांपडलेली वस्तु उचलण्याची सक्ती कायदा कोणावर करीत नाहीं. मात्र ती एकदां ताब्यांत घेतली कीं १८७२ च्या करार अधिनियमाच्या ७१ व्या कलमान्वयें त्यावर ठेव राखणाऱ्याचीच जबाबदारी येते. रेल्वे सुरक्षा दलानें प्रवाशांचें राहिलेलें सामान परत करण्याच्या आपल्या मोहिमेस ‘अमानत’ हें नांव दिलें आहे. हाच शब्द मराठींत उलटून ‘अनामत’ झाला. अनोळखी माणसाची वस्तु ही आपल्याकडील ठेव, ही कल्पना या नांवांत फार चांगली उतरली आहे.

आतां स्थानकांवर बेवारस वस्तूस हात न लावण्याच्या सूचना असतात, आणि त्यास सबळ कारणें आहेत. त्यामुळें निनांवी पिशवीपासून भला मनुष्यही दूर सरतो, किंवा फार तर ती वाहकाच्या हवालीं करून आपल्या गांवीं उतरून जातो. त्याहून अधिक त्यास करतां येत नाहीं.