उचललेले वाक्य आणि त्याचा वक्ता

कादंबरीतून वेगळे काढलेले वाक्य नेमके कोणाचे असते, हा प्रश्न वि. स. खांडेकरांच्या संदर्भात विशेष टोकदार होतो. १९३८ मध्ये शिरोडे सोडून ते कोल्हापुरास आले आणि पुढे राजारामपुरीत स्थिरावले. 'ययाति' (१९५९) आणि 'अमृतवेल' (१९६७) या कोल्हापूरपर्वातील कृतींमधून जीवन, प्रेम, दुःख, स्वप्न यांविषयीची जितकी वाक्ये वाचकांच्या वह्यांत, निरोपाच्या भाषणांत आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उतरली, तितकी क्वचितच दुसऱ्या मराठी कादंबरीकाराची उतरली असतील.

संस्कृत सुभाषिताला अशा प्रवासाची बाधा होत नाही. ते मुक्तक असते. अर्थासाठी त्याला कथेचा आधार लागत नाही. 'सुभाषितरत्नभांडागारा'सारख्या संग्रहात विषयवार मांडले तरी त्याचे काही हरवत नाही. म्हणीचेही तेच, तिचा वक्ता आधीच समूहात विरलेला असतो. कादंबरीतील वाक्य मात्र कोणीतरी, कोणालातरी, एका प्रसंगी उच्चारलेले असते.

'अमृतवेल'मधील नंदाला वडिलांनी लिहिलेले पत्र पाहावे. नियोजित पतीच्या मृत्यूने खचलेल्या मुलीला तिचा बाप पुन्हा जगण्याकडे वळवू पाहतो. त्या पत्रातील वाक्ये सर्वाधिक उचलली गेली. परंतु भंगलेल्या स्वप्नाविषयी असे बोलण्याचा अधिकार त्या बापाने तिच्या दुःखाशेजारी बसून मिळवला आहे. तेच शब्द एखाद्या त्रयस्थाने सांत्वनाच्या भेटीत शोकाकुल घरात ऐकवले, तर त्यांत दुःख आवरते घेण्याची आज्ञा ऐकू येते. शब्द बदललेले नसतात, तरीही कृती बदललेली असते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या परंपरेतून आलेल्या या शैलीत सर्वच पात्रे एका सुरात, अलंकृत बोलतात. सगळेच लेखक बोलत असेल, तर वाक्य उचलणाऱ्याने कोणावर अन्याय केला? शैलीपुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. खांडेकरांना सुंदर वाक्याचा मोह आवरत नाही, आणि त्या मोहाने त्यांच्या कथानकांची हानीही झाली आहे. पण 'ययाति'च्या रचनेपाशी आक्षेप अडतो. तेथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. सूर सारखा असला तरी हितसंबंध सारखे नाहीत. ययाति प्रेमाविषयी जे मोहक बोलतो, ते बहुधा स्वतःच्या भोगाचे समर्थन करताना. वाक्याचे सौंदर्य हा येथे आत्मवंचनेचाच भाग आहे: वाचकाने आधी भुलावे, मग त्या भुलण्याची किंमत पुरूच्या तारुण्यात मोजली जाताना पाहावी, अशी ही योजना आहे. वेचा काढणारा पहिला टप्पा ठेवतो आणि दुसरा गाळतो. वर खाली 'वि. स. खांडेकर' असे लिहून आरोपीच्या बचावाला न्यायाधीशाची सही जोडतो! १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्या सहीचे मोल आणखी वाढले, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून वह्यांत वाक्ये उतरवणाऱ्या वाचकाला मात्र हसू नये. समीक्षेने ते पुष्कळदा केले आहे, आणि त्यात जाणकारीपेक्षा तुच्छता अधिक होती. एखादी स्त्री रात्री दिवा मालवण्यापूर्वी ते वाक्य स्वतःसाठी लिहून ठेवते तेव्हा गळलेला प्रसंग ती स्वतःच्या आयुष्याने भरून काढते. वाक्याला नवा वक्ता मिळतो, आणि श्रोताही तीच असते. त्या शब्दांची जबाबदारी तिने घेतलेली असते. वेचे छापणारा ती कोणाच्याच माथी ठेवत नाही. त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा नाही. प्रेमावरील वाक्याखाली त्याने लेखकाच्या नावाआधी एवढेच छापावे: ययाति, पुरूकडे तारुण्य मागण्यापूर्वी.