विराटाघरची नोकरी



आज विराटपर्वाला सुरुवात. वनपर्वाने आपली चांगलीच दमछाक केली, त्यामानाने हे पर्व छोटं. आणि नोकरी करणाऱ्या माणसाला फार जवळचं.

१२ वर्षांचा वनवास संपलाय. १३वं वर्ष अज्ञातवासाचं, आणि त्यात ओळख पटली तर पुन्हा १२ वर्षं वनात. पाच भाऊ आणि द्रौपदी विचार करून ठरवतात की मत्स्यदेशाच्या विराट राजाकडे नोकरी धरायची. (राजस्थानातलं विराटनगर म्हणजेच हे गाव असं मानतात. आपल्याकडे वाईलाही विराटनगरी म्हणतात, जवळ पांडवगड आणि वैराटगड आहेतच. वाईकरांशी या विषयावर वाद घालू नये.)

इंद्रप्रस्थात मयसभा होती, राजसूय झाला होता. आता तिथला सम्राट कंक नाव घेऊन दुसऱ्या राजाशी फासे खेळायला बसणार. भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात. अर्जुन बृहन्नडा, राजकन्या उत्तरेला नाच-गाणं शिकवणार. नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करणार.

कामं कशी निवडली आहेत ते बघा. ज्याला जे येतं तेच त्याने घेतलं आहे. त्यातही गंमत अशी की काही विद्या पडत्या काळातच हाताला लागलेल्या. फाशांचं खरं मर्म युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींनी वनवासात शिकवलं, म्हणजे फाशांनी राज्य घालवून झाल्यावर. अर्जुन अस्त्रं मिळवायला इंद्रलोकी गेला तेव्हा चित्रसेन गंधर्वाकडे नाच शिकून आला. तेव्हा त्याला तरी कुठे माहीत होतं की एक दिवस यावरच पोट भरायचंय.

मुलाखतीही वाचण्यासारख्या आहेत. सगळे एकेकटे, वेगवेगळे येतात, आणि जवळपास प्रत्येकजण सांगतो की पूर्वी युधिष्ठिराच्या पदरी होतो. रेफरन्स एकच, आणि तो कंक होऊन दरबारात आधीच बसलेला.

पण आजच्या वाचनाचा गाभा त्याच्या आधीचा, धौम्यांचा अध्याय. निघण्याआधी पुरोहित धौम्य पांडवांना जवळ बसवून सांगतात की राजाच्या घरी कसं राहायचं. ऐकणारे स्वतः राजे आहेत. आजवर लोक त्यांच्या दरबारात कसं वागायचं हे शिकून यायचे. तरी ते मुकाट्याने ऐकून घेतात.

काय सांगतात धौम्य? वर्दी दिल्याशिवाय आत जाऊ नका. दुसऱ्या कोणाचा डोळा असेल अशा जागेवर बसू नका. राजाचा लाडका झालो म्हणून त्याच्या आसनावर, वाहनावर चढू नका. मी शूर, मी हुशार असं मिरवू नका. हाती अधिकार आला तर त्यावर पैसे खाऊ नका. राजा दुसऱ्या कोणाला काम सांगत असेल तर आपण पुढे होऊन विचारा, मी काय करू? विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. आणि बोलाल ते हिताचंही असावं, गोडही असावं. दोन्ही जमत नसेल तर हिताचं निवडा.

शेवटच्या दोन गोष्टींपाशी मी बराच वेळ थांबलो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि बोललो तर हिताचंच, मग मधल्या काळात करायचं काय?

त्याचं उत्तर मला पोथीपेक्षा आमच्या गोडाऊनमध्ये जास्त सापडतंय. गेल्या श्रावणापासून मी पुण्यात बुधवार पेठेतल्या वह्या-स्टेशनरीच्या एका होलसेल दुकानात कामाला आहे. त्याआधी ११ वर्षं हिंजवडी. आता आम्ही एकूण ७ जण, मालक काका धरून. स्टॉक आणि ऑर्डरचं सगळं कॉम्प्युटरवर आणायचं म्हणून मला घेतलंय. गोडाऊन सांभाळणारे मामा माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे आहेत. त्यांची सिस्टीम म्हणजे खडू. रॅकच्या कडेला रेघा असतात, गठ्ठा आला की एक मारायची, गेला की एक पुसायची. कुठली पार्टी दुरेघी नेते, कुठली चौकटी, कोणाची उधारी गणपती झाल्याशिवाय येत नाही, हे सगळं डोक्यात.

पहिले पंधरा दिवस मी लॅपटॉप बॅगेतच ठेवला. गठ्ठे मोजले, टेम्पो आला की उतरवून घेतला, काकांनी पोराला हाक मारली की मीपण उठलो. त्यात एक गोष्ट कळली. शंभर पानीचा आणि दोनशे पानीचा गठ्ठा सारखा नसतो, आतल्या वह्या कमीजास्त असतात, आणि मामांची रेघ वहीची नसून गठ्ठ्याची असते. हे मला कोणी आपणहून सांगितलं नसतं. त्यांच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आणि मला माहीतच नाही तर मी विचारणार कसं? न बोलण्याच्या नियमाचा अर्थ मला आता असा लागतो की धौम्य तोंड बंद ठेवायला सांगताना बघायला वेळ देतायत.

महिन्याभराने काकांनी आपणहून विचारलं, "काय रे, काय वाटतं तुला?" काकांच्या मुलाला ॲप हवं होतं. मी म्हटलं, आधी मामांच्या रेघा रोज संध्याकाळी मशीनमध्ये उतरू देत, सीझन गेला की ॲपचं बघू. मुलाचा चेहरा पडला. हिताचं होतं, गोड नव्हतं. त्यावर धौम्यांनी उपाय दिलेला नाही, कोणाला सापडला तर सांगा.

आता शमीचं झाड. नगरात शिरण्याआधी पांडव आपली शस्त्रं स्मशानाजवळच्या शमीवर ठेवतात. नकुल वर चढतो, पाऊस लागणार नाही अशा जागा बघून गांडीव आणि बाकीची धनुष्यं घट्ट बांधतो. सोबत एक प्रेतही बांधतात, म्हणजे वासाने कोणी जवळ येऊ नये. रस्त्यातल्या गुराख्यांना सांगतात की ही आमची १८० वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो त्यामागे ही कथाही आहे.

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हल्ली विचारतात, "सध्या कुठे?" मी सांगतो, बुधवार पेठ, वह्यांचं दुकान. मग चौथ्या मजल्यापर्यंत जी शांतता पडते ती ऐकण्यासारखी असते. आधीचं पद, आधीची कंपनी, तिकडची टीम केवढी होती, हे सगळं जिभेवर येतं. दर वेळी येतं. नोकरी बदललेल्या, गावाकडे परतलेल्या, वडिलांच्या धंद्यात बसलेल्या तुमच्यापैकी अनेकांना ही लिफ्ट माहीत असेल.

पांडवांनी शस्त्रं मोडली नाहीत की नदीत टाकली नाहीत. ती कोरडी राहतील याची काळजी घेतली. आणि मग वर्षभर अर्जुन ती जागेवर आहेत का बघायला गेल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. त्याला माहीत होतं कुठे आहेत, तेवढं पुरलं. मी जुन्या टीमच्या लोकांची लिंक्डइनवरची प्रमोशनं बघणं गणपतीपासून बंद केलंय. ते माझं झाड.

इथे एक सावधगिरी. धौम्यांचा अध्याय वाचून कोणी असा अर्थ काढू नये की नवीन जागी सगळं खाली मान घालून सोसायचं. द्रौपदी सुदेष्णेकडे गेली तेव्हाच तिने सांगितलं, मी कोणाचं उष्टं खाणार नाही आणि कोणाचे पाय धुणार नाही. तिला काम हवं होतं, राहायला जागा दुसरी नव्हती, तरी सांगितलं. आणि सुदेष्णेने ते मान्य केलं. मीही रुजू होण्याआधी काकांना म्हटलं होतं, सिस्टीममध्ये जे घडलं तेच जाईल, न घडलेलं बिल मी टाकणार नाही. काका थोडा वेळ गल्ल्याकडे बघत राहिले, मग "चालेल" म्हणाले.

पण अट घातली म्हणजे सगळं सुरक्षित झालं असं महाभारत म्हणत नाही. पुढे कीचक येतो. राणीचा भाऊ, वर सेनापती. भर सभेत तो द्रौपदीला लाथ मारतो आणि विराट राजा काही करत नाही. मालक स्वभावाने चांगला असणं आणि वेळेला उभा राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या दुकानात, छोट्या ऑफिसात एचआर नसतो, सगळे घरचेच असतात, आणि म्हणून बोलणं अवघड होतं. ताईंनो, तुमच्या जागी कीचक असेल तर अज्ञातवास म्हणून सोसत बसू नका. द्रौपदी बसली नाही, तिने त्याच रात्री भीमाला उठवलं. आपल्याकडे २०१३चा कायदा आहे. जिथे १० पेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे मैत्रिणींनाही सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट वाचताना जाणवली. या वर्षभरात श्रीकृष्ण पांडवांकडे एकदाही येत नाही. वनवासात तो भेटायला यायचा. या वर्षी त्याला निरोपही धाडता येत नव्हता, कारण निरोप गेला की ओळख फुटली. प्रचलित प्रतींत नगरात शिरताना युधिष्ठिर दुर्गेची स्तुती करतो, आणि मग प्रत्येकजण आपल्या कामाला लागतो. घोड्यांना खरारा, गाईंची मोजदाद, चुलीवरची भांडी. आपल्याला मिळालेलं दूध-दही, बक्षिसी आपसात गुपचूप वाटून घेतात. हाच त्यांचा सत्संग. आमच्याकडे सकाळी काका गल्ल्याला उदबत्ती ओवाळतात, मामा येणाऱ्या प्रत्येकाला माउली म्हणतात, आणि मग दिवसभर देवाचा विषय निघत नाही. हिंजवडीला बसमध्ये रोज तासभर हरिपाठ व्हायचा. इथे दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर. तेवढ्यात होतो तेवढा करतो, बाकीचा गठ्ठे मोजताना.

पर्वाच्या शेवटी ओळख उघड होते तेव्हा विराट अर्जुनाला उत्तरा देऊ करतो. अर्जुन नकार देतो. वर्षभर ती माझ्याकडे शिकली, तिने मला वडिलांसारखं मानलं, म्हणून सून म्हणून स्वीकारतो, म्हणतो. अभिमन्यूशी लग्न लागतं आणि त्या लग्नाला कृष्ण येतो. पुढे युद्धात अभिमन्यू गेला, द्रौपदीचे पाचही मुलगे गेले. वंश राहिला तो उत्तरेच्या पोटी, परीक्षिताचा. ज्या परीक्षिताने शुकांकडून भागवत ऐकलं, तोच.

उद्या भीम आणि जीमूत मल्लाची कुस्ती, भाग छोटा आहे. परवा कीचकवध. घरी लहान मुलांना वाचून दाखवत असाल तर परवाचा भाग आधी स्वतः वाचून घ्या.

रामकृष्णहरी.