आधी पाणी, मग मासे

पुण्याहून पिशवीत गोल्डफिश घेऊन कापूरहोळ फाट्यावर उतरणाऱ्या मुलांना सांगावंसं वाटतं: बाळांनो, टाकी आज भरा, मासे महिन्या-दीड महिन्याने आणा. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो त्यांनाच जाळतो. त्याचं आधी नायट्राइट, मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर सावकाश वस्ती करतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजतं, जिवाणू पोसले जातात. स्पंज बुळबुळीत झाला की नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळा. आणि काचेचा वाडगा नकोच! लाल टोपीचा ओरांडा जातीचा गोल्डफिश जवळजवळ वीतभर वाढतो, नीट सांभाळला तर दहा वर्षंही जगतो.