संकटकाळी देव कोठे असतो?



श्रीवरदविनायकाच्या दर्शनास महडला येणारा प्रत्येक जण आनंदातच येतो असे नाही. नवस फेडणाऱ्यांच्या रांगेतच, सर्व उपाय थकल्याने आलेलेही उभे असतात. ‘मनोभावे भक्ती केली, मग मलाच हे का?’ हा त्यांचा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. तो देवालाच विचारलेला असतो. म्हणजे नाते तुटलेले नसते.

दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या पायथ्याच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर समाजाची ही वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. मृतांत लहान मुलेही होती. अशा वेळी ‘पूर्वकर्माचे फळ’ म्हणणे सोपे असते. परंतु ते दुःखितांच्या जखमेवर मीठ चोळणे होय. अतिवृष्टीने डोंगर का खचतो हे सांगता येते. तो त्यांच्यावरच का कोसळला, याचे उत्तर कोणापाशीच नाही.

तुकाराम महाराजांच्या चरित्रातही हाच प्रसंग आहे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी व पुत्र गेले. पुढे त्यांना विठ्ठल लाभला, पण गेलेली माणसे परत आली नाहीत. त्यांनी मात्र आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून ऋणकोंना मुक्त केले, असे परंपरा सांगते. तेव्हा विश्वास म्हणजे संकट न येण्याची हमी नव्हे. संकटातही आपण टाकलेले नाही, ही जाणीव होय.

इरशाळवाडीस वाहनाचा रस्ता नव्हता. पाऊस, धुके व चिखलातून जवान, गिर्यारोहक आणि ग्रामस्थ पायी चढले व फावड्यांनी माती उपसू लागले. देव तेथे होता काय, असे कोणी विचारल्यास या हातांकडे पाहावे. मात्र ज्याचे घरच गेले, त्याचे एवढ्याने समाधान व्हावे असा आग्रह धरू नये. त्याच्याजवळ मुकाट्याने बसणे, हीही सेवाच आहे.

येथील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगितले जाते. तो आपोआप तेवत नाही. कोणीतरी वेळेवर तेल घालते. खचलेल्या मनातील श्रद्धेचेही तसेच आहे. दर्शन घेऊन परतताना आपल्या परिचयातील एखाद्या दुःखिताची आठवण ठेवावी आणि त्याच्या दिव्यात थोडे तेल घालावे, हीच प्रार्थना.