जांभळ्या रंगाची किंमत

सोलापुरात आमच्या घराच्या गच्चीवर निवडुंगाच्या आणि मांसल पानांच्या झाडांच्या चाळीसेक कुंड्या आहेत. आम्हा तिघा भावंडांना हा नाद आहे. एका हौशी मंडळाने हिवाळ्यात छायाचित्रांची स्पर्धा ठेवली. विषय होता जांभळे निवडुंग आणि मांसल झाडे. बक्षीस किरकोळ होते; परंतु हौसेला बक्षिसाचा आकडा लागत नाही.

आमच्याकडे दोन झाडे त्या लायकीची होती. एक ओपन्शिया सांता-रिटा. आपल्या फड्या निवडुंगाचा हा परदेशी भाऊबंद मूळचा ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातला. दुसरे एचेव्हेरिया, कमळासारख्या मांडणीच्या पानांचे. एरवी दोन्हींचा रंग राखी-हिरवा. पाणी तुटले, ऊन लागले, रात्री गार झाल्या की ती जांभळी होऊ लागतात. निवडुंगात बिटातला रंग उतरतो, तर एचेव्हेरियात जांभळातला. वाढ थांबली की अंगावर पडणारा प्रकाश झाडाला पेलत नाही; तेव्हा हे रंग ढालीसारखे काम करतात. म्हणजे आपण ज्याला बहार म्हणतो, ती वास्तविक झाडाची बचावाची तयारी असते.

हे ठाऊक असूनही आम्ही ऑक्टोबरअखेर पाणी बंद केले. थंडीत या झाडांना पाणी कमीच द्यायचे असते, नाहीतर मुळे कुजतात. तेव्हा सुरुवातीला आमचे काही चुकत नव्हते. पण डिसेंबरच्या मध्यावर पाने सुरकुतली, खालची गळू लागली. त्या वेळी पाणी द्यायला हवे होते. आम्ही दिले नाही, कारण रंग रोज गडद होत होता आणि छायाचित्र पाठवायची मुदत जानेवारीत होती.

एका सकाळी अम्मी वाळवण घालायला वर आल्या. कुंडीपाशी थांबून म्हणाल्या, "अरे, याला तहान लागलीय."

"अम्मी, आत्ता पाणी घातलं तर रंग जाईल."

त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना एवढेच म्हणाल्या, "फोटो झाला की तरी घाला हं."

त्या साध्या वाक्याने आम्हाला विचारात पाडले. झाडाला आपल्यासारखे दुःख होते, असे आम्ही मानत नाही. मग यात वाईट काय? प्रथम आम्हाला वाटले, सगळा प्रश्न नियतीचा आहे. मुळे वाचावीत म्हणून पाणी तोडणे ही निगा. चित्रासाठी तोडणे हा स्वार्थ. पण हे उत्तर पुरे पडले नाही. झाडाला आमची नियत कळत नाही; त्याला फक्त कोरडी माती कळते. खरी कसोटी निराळी आहे. पान सुरकुतले त्या दिवशी आमचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला की कॅमेऱ्याकडे?

हौस निरुपद्रवी असते, असाही आपला एक समज असतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंगाच्या 31 टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. शौकिनांसाठी रानातून होणारा झाडांचा आणि बियांचा उपसा हे त्याचे एक मोठे कारण होते. हे करणारे बहुतेक लोक झाडांवर प्रेमच करतात. प्रेम आहे एवढ्याने हात स्वच्छ राहत नाहीत.

अरबीत निवडुंगाला 'सब्बार' म्हणतात. 'सब्र' हा शब्दही त्याच धातूचा. 1948 साली ओस पडलेल्या अनेक पॅलेस्टिनी गावांच्या जागा निवडुंगाच्या कुंपणांवरून ओळखता येतात. घरे गेली, माणसे गेली, कुंपण पुन्हा फुटून आले. त्या कुंपणाला सब्राची खूण म्हणून पुष्कळ गौरवले गेले आहे. गौरव योग्यच आहे. परंतु ज्यांना घर सोडावे लागले, त्यांनी सब्र निवडला नव्हता. तो त्यांच्यावर येऊन पडला होता. दुरून त्याचे चित्र काढणाऱ्याने एवढे विसरू नये.

आणि इथेच आम्हाला आमचे घर आठवले. अब्बा गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो. अम्मींनी शिवणकाम करून आम्हाला शिकवले. नातेवाइकांत, लग्नकार्यांत आम्ही अभिमानाने सांगत आलो, "आमच्या अम्मींसारखा सब्र कुणात नाही." आम्ही कमावते झालो तरी त्या रात्री मशीनवर बसत होत्या, डोळे दुखतात म्हणत नव्हत्या, आणि आम्ही त्यांची तारीफ करत होतो. तारीफ खोटी नव्हती. पण तारीफ करण्यात आम्हाला एक सोय होती. ज्याच्या सहनशीलतेचे आपण कौतुक करतो, त्याला पाणी द्यायचे काम आपोआप पुढे ढकलले जाते.

गरिबांच्या, बायकांच्या, आपल्या समाजाच्याही सब्राबद्दल आपण पुष्कळ बोलतो. सब्र हा ज्याचा त्याने पाळायचा गुण आहे. दुसऱ्याकडून तो वसूल करण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मुदतीच्या आठ दिवस आधी आम्ही दोन्ही कुंड्यांना पाणी घातले. एचेव्हेरियाची पाने भरली. कडेला तेवढी जांभळी झाक राहिली. जांभळा रंग कॅमेऱ्यात पुष्कळदा निळसर उतरतो. तो डोळ्यांना दिसला तसा करून घेतला. संगणकावर आणखी गडद करता आला असता, ते केले नाही. चित्र पाठवले. नंबर आला नाही.

अम्मींच्या डोळ्यांची तपासणी त्याच महिन्यात केली. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षे आधी यायला हवे होते.