नियम कुणाच्या कपाळी?

४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं यापुढे गावात होणार नाही, असा तो ठराव. दोनच दिवसांनी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. पुढे १७ मे रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून महाराष्ट्रातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातलं माणगावही पुढे आलं. १९२० साली जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शाहू महाराज स्वतः हजर राहिले, तेच हे माणगाव.

कोरोनाच्या दोन वर्षांत गावोगावी कर्ती, तरणी माणसं गेली. मागे राहिलेल्या कित्येकजणी ऐन पंचविशी-तिशीतल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना त्यांच्या मनगटावरच्या बांगड्या फोडल्या गेल्या. मुलांनी ते उंबऱ्यातून पाहिलं.

हे करणारी माणसं वाईट नव्हती, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा अस्वस्थ करते. कपाळ पुसणारा हात बहुतेक वेळा चुलतीचा, आत्याचा, थोरल्या जावेचा असतो. बऱ्याचदा ती स्वतःही त्यातून गेलेली असते. तिला वाटतं, आपण रीत पाळतो आहोत. कुंकू न पुसणारीला काल-परवापर्यंत निर्लज्ज म्हणत. म्हणजे पिढ्यानपिढ्या चांगल्या माणसांनी, चांगल्या मनाने, एका दुःखी बाईला आणखी दुखावलं आणि त्यालाच नीती मानलं. उद्याची पिढी आपल्याबद्दल असंच काही म्हणेल का, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

लोकांचं म्हणणं तर एका माणसाच्या आयुष्यातही उलटंपालटं होतं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं. १९५८ साली देशाने त्याच कर्व्यांना भारतरत्न दिलं. कर्वे तेच होते आणि त्यांचं लग्नही तेच होतं. 'चार लोक काय म्हणतील' या एका काळजीवर ज्यांची नीती उभी असते, त्यांनी या दोन सालांमधलं अंतर जरूर पाहावं.

मग काहीजण म्हणतात की नीती म्हणजे काळाचा नियमच, काळ बदलला की तीही बदलणार, आणि नवं ते आधीपेक्षा बरंच असणार. हे मला पटत नाही. न पटण्याचं कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. पन्हाळा तालुक्यात तर आकडा आठशेच्याही खाली होता. पाण्याचा, उसाचा, साखर कारखान्यांचा, शाळा-कॉलेजांचा हा जिल्हा. इथे मुली कमी झाल्या त्याचं कारण पोटातल्या बाळाचं लिंग सांगणारं यंत्र हाताशी आलं होतं. गर्भलिंग तपासणीला बंदी करणारा कायदा १९९४चा, तो होताच. तपासणी करणारे शिकलेले होते, करवून घेणाऱ्यांकडे पैसा होता, आणि घरात कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं. 'एक मुलगी आहे, आता दुसरी कशाला', 'सगळेच करतात', 'चालतंय की'. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारं उपकरण जोडून घेतलं, गावोगाव मोहीम चालवली. यंत्रावर पहारा बसवावा लागला, कारण माणसांच्या मनातला पहारेकरी उठून गेला होता.

बांगड्या फोडणारी रीत जुनी होती आणि सोनोग्राफीची वाट नवी होती. दोन्हींना घराची, नात्यागोत्याची मूक संमती होती, आणि दोन्ही वेळेला किंमत मोजणारीला कुणी काही विचारलं नव्हतं. एक दुःखाने बोलायच्या पलीकडे गेलेली होती, दुसरीला अजून आवाजच फुटला नव्हता. म्हणून मला वाटतं, रीत जुनी की नवी हे पाहून काही कळायचं नाही. ती कुणाच्या कपाळी येते, आणि ती ठरवताना त्या माणसाला तिथे बोलायला जागा होती का, एवढं पाहावं. काळ कितीही बदलला तरी हा प्रश्न जुना होत नाही.

शाहू महाराजांच्या आयुष्याकडे मी याच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा वळतो. १८९९ साली कार्तिकात, पंचगंगेवर स्नानाच्या वेळी, त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायला राजपुरोहिताने नकार दिला. छत्रपतींच्या गादीवरच्या राजाला शूद्र ठरवणारी ती वागणूक होती. तो अपमान त्यांना लागला, आणि त्यावर ते लढले. पण पुष्कळ माणसं इथेच थांबतात. आपला मान परत मिळाला की आपल्यापुरती लढाई संपते, मग आपण दुसऱ्याचा मान ठेवतो का, हे विचारायचं राहून जातं. महाराज थांबले नाहीत. आपल्याला जे लागलं ते आपल्याच राज्यात कुणाकुणाला रोज लागतं, हे ते शोधत गेले. १९०२च्या जुलैत संस्थानातल्या निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या समाजासाठी राखून ठेवणारा हुकूम निघाला. पुढे गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा ते स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवत आणि बरोबरच्या लोकांनाही पाजत.

१९१७ साली त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. लोकांसाठी कायदा करणं राजाला एकवेळ सोपं असतं. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात गेले आणि अगदी कोवळ्या वयाच्या सूनबाई इंदुमती राणीसाहेब विधवा झाल्या. आता प्रश्न राजवाड्याच्या आत आला होता. राजघराण्याची विधवा म्हणजे पडदा, सोवळं, कोपऱ्यातली खोली. घरातूनच विरोध असताना महाराजांनी तिच्यासाठी सोनतळीला राहण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. मुलगा गमावलेल्या बापाने दुःखाच्या त्या दिवसांत सुनेच्या जागी उभं राहून पाहिलं. महाराजांच्या सगळ्या हुकूमनाम्यांइतकीच मला ही गोष्ट मोठी वाटते. दुसऱ्याच्या दाराशी न्यायाने वागणारे बरेच असतात. आपल्या माजघरात तसं वागणारे फार थोडे.

कुणी म्हणेल, असं प्रत्येकाच्या जागी उभं राहून पाहिलं तर कुठलाच नियम उरणार नाही, लाचखाऊलाही शिक्षा लागतेच की. लागते. पण लाच घेणारा बोलू शकतो, वकील लावू शकतो, आणि त्याने केलेल्या कृत्याचा भार त्याच्यावर पडतो. नवरा गेला यात बाईने काय केलं होतं? मुलगी म्हणून पोटात वाढणाऱ्या जिवाने काय केलं होतं? हौदाला हात लावणाऱ्या तहानलेल्या माणसाने काय केलं होतं? जिथे शिक्षा आहे आणि अपराध नाही, तिथे कितीही जुनी पोथी आणि कितीही मोठी गर्दी तो नियम नीतीचा आहे असं सांगत असेल, तरी ऐकू नये.

हेरवाडच्या ठरावाने गावाने पाऊल टाकलं, पण ठराव दप्तरात असतो आणि रीत अंगणात असते. आजही कित्येक घरांत मुलाच्या हळदीला विधवा आई मागे उभी राहते. तिला कुणी 'येऊ नका' म्हणत नाही. ती आपणच मागे सरते, कारण वर्षानुवर्षं तिला तसं शिकवलं गेलं आहे. ओटी भरायला तिला बोलावत नाहीत. ज्या लेकराला तिने एकटीने वाढवलं, त्याच्या अंगाला पहिली हळद दुसरंच कुणी लावतं, आणि मांडवातल्या शेकडो माणसांना ते खटकत नाही. तिथे ग्रामसभा येणार नाही, परिपत्रकही येणार नाही. तिथे असणार आहोत आपण, बोलावलेले पाहुणे.

येत्या २६ जूनला, शाहू जयंतीला, कोल्हापूरच्या दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला आपण जाऊच. त्याआधी किंवा नंतर, तुमच्या घरात लग्न निघालं, तर मुलाच्या आईला हाताला धरून पुढे आणा आणि पहिली हळद तिला लावू द्या. संक्रांतीला हळदी-कुंकवाची यादी कराल, तेव्हा गल्लीतल्या ज्या बाईचं नाव आजवर गाळलं गेलं, ते सगळ्यांत आधी लिहा. आणि बोलावणं दुसऱ्या कुणाबरोबर धाडू नका, स्वतः तिच्या दारी जा.